तिकिटावरचा कर आणि कराच्या आडोशाने घेतलेली किंमत

परदेशात स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारे आईवडील आता मराठवाड्यातही नवलाईचे राहिलेले नाहीत. मुलगी न्यू जर्सीत आणि मुलगा सिडनीत अशी घरे छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर या शहरांत सहज आढळतात. अशा घरांत दोन स्वतंत्र परतीच्या तिकिटांऐवजी पृथ्वीला वळसा घालणारे एकच तिकीट काढावे काय, याचा विचार होऊ लागला आहे. एजंटाकडून कोटेशन येते, मूळ भाड्याखाली 'कर व अधिभार' अशी एक ओळ असते, तिच्यासमोरची रक्कम पाहून घरातले सगळे दचकतात आणि मग एक ठरावीक वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते की जगातली सरकारे प्रवाशाला लुबाडत आहेत. दुसरी बाजू म्हणते की ज्यांची जगभर हिंडण्याची ऐपत आहे त्यांनी कराची तक्रार करू नये, विशेषतः जिथे दर उन्हाळ्यात गावोगावी टँकरची वाट पाहिली जाते त्या प्रदेशात तर मुळीच करू नये. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण एक गोष्ट दोघींनीही न तपासता गृहीत धरलेली असते. ती अशी की त्या ओळीतली सगळी रक्कम हा करच आहे. हे गृहीतकच चुकीचे असल्यामुळे त्यावर उभा राहिलेला वाद कितीही वेळ चालला तरी कोठेही पोहोचत नाही.

माझे म्हणणे असे आहे की त्या एका ओळीत तीन वेगळ्या प्रकारची देणी एकत्र केलेली असतात. पहिले म्हणजे सरकारच्या तिजोरीत जाणारा कर, दुसरे विमानतळाच्या सेवेचे शुल्क, आणि तिसरे विमान कंपनीने स्वतःच ठरवून स्वतःच ठेवून घेतलेला अधिभार. यातील तिसरे देणे कर नाही आणि शुल्कही नाही. ती तिकिटाची किंमत आहे, तिची जागा मूळ भाड्यात आहे, आणि तिला कराच्या शेजारी बसू देणे ही नियमनातली उणीव आहे. सोयाबीन घेऊन लातूरच्या मोंढ्यात जाणाऱ्या शेतकऱ्याला असा भेद समजावून सांगावा लागत नाही. हमाली कोणाच्या हातात पडते, अडत कोणाची आणि बाजार समितीची फी कोणी कोणाला द्यायची हे त्याला पाठ असते, आणि अडत्याने आपली कमाई समितीच्या नावावर दाखवली तर तो तिथल्या तिथे जाब विचारतो. मग लाखो रुपयांचे तिकीट घेणारा सुशिक्षित प्रवासी तसा जाब का विचारत नाही?

त्याचे एक कारण या तिकिटाच्या रचनेतच आहे. स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या संघटना अशी तिकिटे देतात. प्रवास पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, एकाच दिशेने करायचा, अटलांटिक आणि पॅसिफिक हे महासागर एकेकदाच ओलांडायचे, जिथून निघालो त्याच देशात परत यायचे आणि हे सारे एका वर्षाच्या आत, असा त्यांचा सर्वसाधारण साचा आहे. स्टार अलायन्सचे मूळ भाडे एकूण मैलांच्या टप्प्यांवर ठरते, तर वनवर्ल्डच्या एक्सप्लोरर तिकिटाचे भाडे किती खंडांना स्पर्श केला यावर ठरते आणि त्यात जास्तीत जास्त १६ टप्पे घेता येतात. म्हणजे तुम्ही लंडनला थांबलात की माद्रिदला, टोकियोला थांबलात की हाँगकाँगला, यामुळे मूळ भाड्यात सहसा फरक पडत नाही. फरक पडतो तो खालच्या ओळीत. प्रवाशाच्या निवडीला जिथे खरा वाव आहे तीच ओळ सर्वांत अंधूक ठेवलेली आहे. प्रत्येक देणे दोन अक्षरांच्या संकेताने नोंदवले जाते. ब्रिटनचा प्रवासी कर जीबी, ब्रिटिश विमानतळाचे शुल्क यूबी, अमेरिकेची सुरक्षा फी एवाय, ऑस्ट्रेलियाचा निर्गमन आकार एयू, आपला वस्तू व सेवा कर के-३. कंपनीचे स्वतःचे अधिभार वायक्यू आणि वायआर या संकेतांखाली येतात. तिकिटावर करांसाठी जागा मात्र मोजकीच असते, त्यामुळे उरलेली सगळी देणी एक्सटी या एकाच संकेताखाली बेरीज करून छापली जातात. चार खंडांच्या प्रवासात ही बेरीज वीसेक देण्यांची असू शकते, आणि जो प्रवासी तपशील मागत नाही त्याला तो कोणी आपणहून देत नाही.

आता यातले खरे कर पाहू. ब्रिटनने १ नोव्हेंबर १९९४ पासून हवाई प्रवासी कर लागू केला. तो फक्त ब्रिटनमधून निघताना लागतो, येताना लागत नाही, आणि चोवीस तासांच्या आत दुसरे विमान पकडून पुढे जाणाऱ्याला सामान्यतः लागत नाही. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाच्या दरांनुसार लंडनहून न्यूयॉर्कला इकॉनॉमीत जाणाऱ्याला तो ९० पौंड आणि त्यावरच्या वर्गात जाणाऱ्याला २१६ पौंड पडतो. म्हणून मुंबईहून निघून लंडनला आठवडाभर राहणे आणि लंडनला केवळ विमान बदलणे यांत मूळ भाड्याचा फरक नसला तरी कराचा फरक ठळक असतो. लंडनला उतरून रेल्वेने युरोपात जाऊन दुसऱ्या देशातून पुढचे विमान घेतले तर ब्रिटनचा कर टळतो, मात्र त्या देशाचा स्वतःचा कर लागू शकतो, आणि जमिनीवरून केलेला तो टप्पाही वनवर्ल्डच्या हिशेबात मोजला जातो. अमेरिका येतानाही कर घेते आणि जातानाही, शिवाय ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सुरू झालेली सुरक्षा फी एका बाजूच्या प्रवासाला ५.६० डॉलर आहे. ऑस्ट्रेलियाचा निर्गमन आकार १ जुलै २०२४ पासून ७० ऑस्ट्रेलियन डॉलर झाला. जपानने जानेवारी २०१९ मध्ये देश सोडणाऱ्या प्रत्येकावर १००० येनचा पर्यटक कर बसवला. आपल्याकडे इकॉनॉमीच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, तर त्यावरच्या वर्गांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला.

हे दर जास्त आहेत की कमी, यावर मतभेद होऊ शकतात. पण या प्रत्येक कराला नाव आहे, दर आहे, कायदा आहे आणि त्या कायद्याला जबाबदार असलेले सभागृह आहे. नेदरलँड्सने जुलै २००८ मध्ये दूरच्या प्रवासावर ४५ युरोंचा कर बसवला. प्रवासी सीमेपलीकडच्या जर्मन आणि बेल्जियन विमानतळांकडे वळू लागले, ओरड झाली आणि एका वर्षात तो कर रद्द झाला. पुढे २०२१ मध्ये तिथे नव्या स्वरूपात कर आला, तोही उघड चर्चेनंतर. आपल्याकडे १९७९ पासूनचा परदेश प्रवास कर आणि त्यानंतर दहा वर्षांनी आलेला देशांतर्गत हवाई प्रवास कर हे दोन्ही जानेवारी २००४ मध्ये उठवले गेले. लोकांना कर दिसतो, म्हणून त्याच्याशी भांडता येते आणि भांडून तो काढताही येतो.

त्याच २००४ सालची दुसरी बाजू मात्र आपल्या वादांत कोणी मांडत नाही. भारताने जानेवारीत प्रवाशामागे ५०० रुपयांचा परदेश प्रवास कर उठवला, आणि मे महिन्यात ब्रिटिश एअरवेजने तेलाच्या वाढत्या भावाचे कारण देऊन एका बाजूच्या प्रवासाला अडीच पौंडांचा इंधन अधिभार सुरू केला. इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. २००८ च्या उन्हाळ्यात हाच अधिभार सर्वांत लांबच्या उड्डाणांवर एका बाजूला १०९ पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने नऊ हजार रुपयांच्या आसपास झाला होता. ज्या प्रवाशाला पाचशे रुपयांचा सरकारी कर जाचक वाटत होता, त्याच्या माथी कित्येक पट मोठे देणे आले आणि ते 'कर व अधिभार' या ओळीत बसल्यामुळे त्याने त्याचाही दोष सरकारलाच दिला. चुकीच्या माणसाला दोष देण्याची ही सवय निरुपद्रवी नाही, कारण जो खरा जबाबदार आहे त्याला तोपर्यंत कोणीच प्रश्न विचारत नाही.

येथे कंपन्यांच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. इंधन हा विमान कंपनीच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक आहे आणि त्याचा भाव कंपनीच्या हातात नसतो. जगप्रदक्षिणेचे भाडे तर अनेक कंपन्यांनी मिळून आधीच जाहीर केलेले असते, मूळ भाड्याची वाटणी त्यांच्यात ठरलेल्या सूत्राने होते, आणि तेल भडकले म्हणून एकट्या कंपनीला ते भाडे रातोरात बदलता येत नाही. अधिभार ही त्यावरची सोय आहे, असे त्या म्हणतात. तेल उतरल्यावरही अधिभार लगेच का उतरत नाही, याचे उत्तरही त्यांच्याकडे असते. पुढच्या काही महिन्यांचे इंधन आधीच ठरावीक भावाने घेतलेले असते, त्यामुळे स्वस्ताईचा लाभ उशिरा मिळतो. हे सगळे खरे आहे, आणि एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती.

पण हा अधिभार खरोखर इंधनाचा असेल तर तो इंधनाबरोबर हलला पाहिजे. २०१४ च्या मध्यावर कच्चे तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होते आणि जानेवारी २०१६ मध्ये ते तीस डॉलरच्या खाली गेले. आधीच केलेल्या खरेदीचा परिणाम एखाद्या वर्षाने संपतो. तरीही अनेक कंपन्यांचे अधिभार तिकिटांवर राहिलेच. काहींनी ते मूळ भाड्यात मिसळले, तर काहींनी इंधनाचा उल्लेख वगळून 'कंपनीने लावलेला अधिभार' असे मोघम नाव दिले. हाँगकाँगचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथील नागरी विमान वाहतूक विभागाने फेब्रुवारी २०१६ पासून हाँगकाँगहून निघणाऱ्या प्रवासावर इंधन अधिभार घेण्यास बंदी केली आणि ती नोव्हेंबर २०१८ पर्यंत टिकली. बंदी तिथून निघणाऱ्या प्रवासापुरती होती, बाहेरून तिथे येणाऱ्या प्रवासावर तिचा अंमल नव्हता. विमान तेच, आसन तेच आणि अंतरही तेच असताना अधिभार लागणार की नाही हे प्रवास कोठून सुरू झाला यावर ठरत असेल, तर तो इंधनाच्या खर्चावर ठरतो असे कसे म्हणायचे?

आणि तो नेहमी स्पर्धेतूनच ठरतो असेही नाही. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक यांच्यात २००४ ते २००६ या काळात इंधन अधिभाराबाबत संगनमत झाल्याचे उघडकीस आले. व्हर्जिनने स्वतःहून माहिती दिल्याने तिला माफी मिळाली. ब्रिटिश एअरवेजवर ऑगस्ट २००७ मध्ये ब्रिटनमध्ये १२ कोटी १५ लाख पौंडांचा आणि अमेरिकेत ३० कोटी डॉलरचा दंड जाहीर झाला. ब्रिटनमधला दंड पुढे कमी झाला हे नोंदवले पाहिजे, पण संगनमत झाल्याचे कंपनीने मान्य केले होते. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये जेट एअरवेज, इंडिगो आणि स्पाइसजेट यांना मालवाहतुकीवरील इंधन अधिभार संगनमताने ठरवल्याबद्दल दंड केला. अपिलात ते प्रकरण परत आले आणि २०१८ मध्ये आयोगाने कमी रकमेचा, पण पुन्हा दंडच केला. निरनिराळ्या देशांतल्या या प्रकरणांत मूळ भाड्याऐवजी अधिभारच का यावा? प्रवासी भाड्यांची तुलना करतो, अधिभाराला मात्र तो कर समजून सोडून देतो. जिथे ग्राहकाची नजर जात नाही तिथे स्पर्धा राहत नाही, आणि जिथे स्पर्धा राहत नाही तिथे संगनमताला मोकळे रान मिळते.

अधिभार प्रामाणिकपणे घेता येतच नाही असे मात्र नाही. जपानी कंपन्या दर दोन महिन्यांनी इंधनाच्या सरासरी भावाला जोडलेले कोष्टक जाहीर करतात आणि भाव ठरावीक पातळीखाली गेला की अधिभार शून्य होतो. फिलिपिन्समध्ये नियामक मंडळच अधिभाराच्या पातळ्या ठरवून देते. असे कोष्टक नसेल, तर अधिभार म्हणजे किंमत ठरवण्याचे एक जादा खाते एवढाच त्याचा अर्थ उरतो.

मराठवाड्याच्या वाचकाला यात एक जुनी ओळखीची रीत दिसायला हवी. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सारावसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदार सरकारचा सारा आणि स्वतःचा वाटा एकाच हाताने, एकाच दमात वसूल करी. सरकारचे देणे कोठे संपले आणि मक्तेदाराची कमाई कोठे सुरू झाली हे रयतेला कळण्याचा मार्ग नव्हता, आणि सगळ्या जुलमाचा बोल अखेर सरकारलाच लागे. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी ही पद्धत मोडीत काढण्यास हात घातला आणि १८६५ च्या जिल्हाबंदीत, म्हणजे संस्थानाची जिल्ह्यांत फेररचना करताना, पगारी अधिकाऱ्यांमार्फत वसुलीची घडी बसवली. सारा त्यामुळे लगेच हलका झाला असे नाही, पण कोणाला किती आणि कशासाठी दिले हे सांगता येण्याजोगी व्यवस्था उभी राहू लागली. विमान कंपनी जेव्हा सरकारचा कर आणि आपला अधिभार एकाच ओळीत वसूल करते, तेव्हा ती त्या मक्तेदाराच्याच जागेवर उभी असते.

यावर एक व्यवहारी आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. शेवटी प्रवासी एकूण रक्कम पाहूनच तिकीट घेतो, ती रक्कम आता खरेदीपूर्वी दाखवावी लागते, मग आतली विभागणी कशीही असली तरी काय बिघडते? बिघडते ते तिकीट रद्द करताना. व्हिसा नाकारला गेला, घरात आजारपण आले, जगप्रदक्षिणेच्या मध्यावर पुढचे दोन टप्पे सोडून द्यावे लागले, अशा वेळी आतली विभागणीच ठरवते की हातात काय परत येणार. जो प्रवास झालाच नाही त्यावरचा कर आणि विमानतळाचे शुल्क कंपनीने ठेवून घेण्याचे कारण नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम हेच सांगतात की मूळ भाडे परत न मिळणारे असले तरी वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्के परत केली पाहिजेत. त्याच नियमांत २०१६ पासून असेही आहे की तिकीट रद्द करण्याचा आकार मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे परताव्याच्या वेळी आपला नियामकच इंधन अधिभाराला मूळ भाड्याच्या पंक्तीत बसवतो आणि करांना वेगळे काढतो. कर विभागाची भूमिकाही वेगळी नाही. ऑक्टोबर २०१९ च्या जीएसटी परिपत्रकाने विमानतळाची शुल्के ही कंपनीने दुसऱ्याच्या वतीने गोळा केलेली रक्कम मानली. मग विक्रीच्या वेळी तोच अधिभार करांच्या ओळीत दाखवण्याची मुभा कोणत्या तर्काने द्यायची? विक्री करताना अधिभार कर म्हणून दाखवायचा आणि परत देताना भाडे म्हणून ठेवून घ्यायचा, हा दुहेरी लाभ कंपनीला का मिळावा?

कर आणि शुल्क यांतील भेदही केवळ पुस्तकी नाही. २००९ मध्ये दिल्ली आणि मुंबईच्या विमानतळांवर विकास शुल्क सुरू झाले. दिल्लीत आंतरराष्ट्रीय प्रवाशामागे १३०० रुपये आणि मुंबईत ६०० रुपये. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही आकारणी एखाद्या मिळालेल्या सेवेचा मोबदला नाही, तिचे स्वरूप करासारखे आहे, आणि म्हणून कायद्याने नेमून दिलेल्या प्रक्रियेवाचून ती घेता येणार नाही. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून नियमित आंतरराष्ट्रीय सेवा नसल्यामुळे मुंबई गाठणाऱ्या आपल्याकडच्या प्रवाशांनीही ते पैसे मोजले होते. एका ग्राहक संघटनेने नेमका प्रश्न न्यायालयात नेला म्हणून त्याचे नेमके उत्तर मिळाले.

राहिला ऐपतीचा मुद्दा. ज्याला जगप्रदक्षिणा परवडते त्याने कर द्यावा, याला माझा मनापासून पाठिंबा आहे. १९४४ च्या शिकागो कराराने आणि त्यानंतरच्या द्विपक्षीय करारांनी आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे इंधन बहुतांशी करमुक्त ठेवले आहे. पावसाच्या लहरीपणाची सर्वाधिक झळ सोसणाऱ्या प्रदेशात राहून हवामानावर भार टाकणाऱ्या प्रवासाला करसवलत मागणे मला शोभणारे वाटत नाही. हेतू स्पष्ट असलेल्या आकारणीचे फळ आपल्याला माहीतही आहे. मोठ्या देशांतर्गत मार्गांवरील उड्डाणांवर आकारणी करून छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या उडान योजनेचा निधी उभा राहिला, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी त्या योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. पुढे ती खंडित झाली, पण पैसा कोठून आला आणि कोठे गेला हे विचारता आले. पण म्हणूनच श्रीमंतांनी द्यावे असे म्हणणाऱ्यांनी हे पाहायला हवे की वायक्यूच्या नावाखाली दिलेला एकही रुपया नांदेडच्या धावपट्टीपर्यंत किंवा कोणत्याही सरकारी तिजोरीपर्यंत अधिभार म्हणून पोहोचत नाही. शिवाय ही ओळ फक्त श्रीमंतांच्या तिकिटावर नसते. शैक्षणिक कर्ज काढून जाणाऱ्या जालन्याच्या किंवा परभणीच्या विद्यार्थ्याच्या एकेरी तिकिटावरही ती तशीच असते.

उपाय नवा शोधायचा नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमावलीनुसार अंतिम किमतीबरोबरच भाडे, कर, विमानतळ शुल्क आणि इतर अधिभार हे चारही स्वतंत्रपणे दाखवावे लागतात. आपण आणखी एक पाऊल पुढे जावे. कंपनी जे ठरवते आणि कंपनी जे ठेवते ते सर्व मूळ भाड्यात दाखवण्याची सक्ती असावी, आणि ज्यांना अधिभार वेगळा ठेवायचा असेल त्यांनी जपानी कंपन्यांप्रमाणे कोष्टक जाहीर करावे. एक्सटीमधील प्रत्येक संकेताचा तपशील मागण्याची वाट न पाहता तिकिटासोबत दिला जावा. परताव्याच्या नियमात सध्या परदेशी कंपन्यांना त्यांच्या मायदेशाच्या नियमांनुसार वागण्याची मोकळीक आहे. जगप्रदक्षिणेच्या तिकिटावरचे बहुतेक टप्पे अशाच कंपन्यांचे असतात, म्हणून भारतात विकलेल्या तिकिटांपुरती तरी ही मोकळीक काढून घ्यावी. यामुळे तिकीट एका रुपयानेही स्वस्त होईल असा माझा दावा नाही. महासंचालनालयाने तिकीट रद्द करण्याच्या प्रसंगी जे तत्त्व आधीच मान्य केले आहे, तेच विक्रीच्या प्रसंगीही लागू करावे, एवढीच ही मागणी आहे, आणि त्यासाठी संसदेत नवा कायदा आणण्याचीही आवश्यकता नाही.